एनसीसीत ऑर्डर चालते, मग गटात का चालत नाही? (एसएसबीची तयारी)

तिसरी_रांग

नमस्कार मंडळी. आधी थोडं माझ्याबद्दल, म्हणजे सांगणाऱ्यांना अंदाज येईल. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. एनसीसीचं तिसरं वर्ष, आर्मी विंग. बी सर्टिफिकेट झालं, सीची परीक्षा फेब्रुवारीत. जुलैपासून आमच्या युनिटचा एसयूओ, म्हणजे सीनियर अंडर ऑफिसर. एनसीसी स्पेशल एन्ट्रीतून अर्ज करायचा, एसएसबी म्हणजे सैन्याचे अधिकारी निवडणारं मंडळ पार करायचं आणि चेन्नईच्या ओटीएत, म्हणजे अधिकारी प्रशिक्षण अकादमीत जायचं, दुसरं काही डोक्यात नाही.

आता अडचण. मागच्या महिन्यात आमच्या दोन जुन्या कॅडेट्सनी मैदानावर जीटीओचा, म्हणजे एसएसबीत ग्रुप टेस्टिंग ऑफिसर घेतो त्या गटाच्या कामगिऱ्यांचा सराव ठेवला होता. आम्ही आठ जण. तीन आमचे कॅडेट, बाकी सीडीएसची (सैन्यात अधिकारी होण्यासाठीची लेखी परीक्षा) तयारी करणारे बाहेरचे. एक बल्ली (लांब लाकडी वासा), एक फळी, दोर आणि लोड म्हणून वाळूचं पोतं. चुन्याने आखलेल्या दोन रेषा, मधे दोन ड्रम आणि एक मोडकं बाक. नियम बहुतेकांना माहीत असतील: रेषांच्या आत जमिनीला पाय लागता कामा नये, लाल रंगवलेल्या भागाला कशाचाच स्पर्श नको, ४ फुटांपेक्षा जास्त अंतर उडी मारून पार करायचं नाही, आणि लोडसकट सगळ्यांनी पलीकडे पोचायचं.

मी सवयीने पुढे झालो. "तू फळी धर, तू दोर घे, तुम्ही दोघं मागे थांबा." आमचे दोघे कॅडेट लगेच हलले. बाकीच्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. एक चष्मेवाला मुलगा गुडघ्यावर बसून फळीचं टोक ड्रमवर कुठवर येतंय ते बघत होता. तो हळू आवाजात काहीतरी म्हणाला, शेजारच्या दोघांनी ऐकलं, आणि बघता बघता ते तिघं दुसऱ्या ड्रमवर. मी अजून रेषेच्या अलीकडे उभा राहून ओरडतोय. माझ्या हातात काय, तर दोराचं टोक. तेही माझ्याकडे कुणी मागितलं नव्हतं.

सराव संपल्यावर सीनियर म्हणाला, "तुझं ड्रिल एक नंबर आहे रे." टोमणा होता हे मला रात्री झोपताना कळलं.

तीन वर्षं मी चाळीस-चाळीस मुलांचं स्क्वाड चालवतोय. 'सावधान' म्हटलं की चाळीस टाचा एकदम वाजतात. मग हे असं का व्हावं? कोचिंग लावू का? एनसीसीत जे नेतृत्व शिकलो ते एसएसबीला चालत नाही का? जाऊन आलेल्यांनी स्पष्ट सांगा, वाईट वाटणार नाही. (वाटेल, पण सांगा.)

---

चेस्ट_नंबर_१९

दोनदा जाऊन आलोय. पहिल्यांदा स्क्रीन-आऊट, म्हणजे पहिल्याच दिवशी घरी, दुसऱ्यांदा कॉन्फरन्स-आऊट, म्हणजे शेवटच्या दिवशी. त्यामुळे मी सांगतो ते 'काय करू नये' या सदरात मोडतं.

पहिल्या दिवशी पीपीडीटी असते. धूसर चित्र ३० सेकंद दाखवतात, ४ मिनिटांत गोष्ट लिहायची. मग प्रत्येकाने एक-एक मिनिट आपली गोष्ट सांगायची आणि गटाने चर्चा करून एक सामाईक गोष्ट ठरवायची. ही चर्चा म्हणजे निव्वळ मच्छीबाजार. पंधराएक मुलं, सगळ्यांनी यूट्यूबवर बघून ठेवलेलं की 'सुरुवात आपण करायची'. पहिल्या वेळी मीही तेच केलं. "जेंटलमेन, आय सजेस्ट..." असं नऊ वेळा म्हणालो असेन. दहाव्यांदा म्हणेपर्यंत वेळ संपली. मी दुपारच्या गाडीने घरी.

दुसऱ्यांदा ओरडलो नाही, आत गेलो, पाचही दिवस राहिलो. तिथे माझी चूक तुझ्या अगदी उलट होती. मला कल्पना सुचत होत्या, पण चुकली तर काय या भीतीने मी बोलायचोच नाही. हाफ ग्रुप टास्कला चौघंच असतात. तिथे गप्प राहणारा लगेच दिसतो.

सांगायचं इतकंच की ओरडणारा आणि गप्प बसणारा, दोघंही एकाच गाडीने परत येतात.

---

शंकासुर

मुळात 'नेतृत्व प्रशिक्षण' हा प्रकारच मला पटत नाही. पोहणं शिकवता येतं, नेतृत्व कसं शिकवणार? ज्याच्यात असतं त्याच्यात असतं. उरलेल्यांना क्लासवाले पंधरा गुणांची यादी पाठ करून देतात आणि फी घेतात.

---

खडू_आणि_बूट

तिसरी_रांग, मी एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो आणि गेली बरीच वर्षं एएनओ, म्हणजे कॉलेजच्या एनसीसीचा प्राध्यापक-अधिकारी आहे. (कामठीच्या एनसीसी अकादमीत जाऊन आम्हा प्राध्यापकांनाही रगडा खावा लागतो, हे विद्यार्थ्यांना खरं वाटत नाही. पोट सुटलेल्या वयात 'पीछे मुड' करताना तोल गेला की उस्ताद जे बोलतो ते इथे लिहिण्यासारखं नाही.)

आधी एक गैरसमज काढतो, कारण दर वर्षी कुणीतरी त्यात अडकतं. सी सर्टिफिकेटवाल्यांना लेखी परीक्षेतून सूट आहे, एसएसबीतून नाही. स्पेशल एन्ट्रीला पदवीचे ५० टक्के आणि सीला किमान बी ग्रेड लागते. पण एकदा बोर्डात गेलास की तिथे तू फक्त छातीवरचा चेस्ट नंबर. सीडीएसने आलेला, टेक्निकल एन्ट्रीने आलेला आणि तू, तिघांना तीच फळी आणि तोच दोर.

आता मूळ प्रश्न. तू म्हणतोस चाळीस मुलं तुझं ऐकतात. बाळा, ती तुझं ऐकत नाहीत. ती खांद्यावरच्या पट्टीचं, पी.आय. स्टाफच्या (सैन्यातून आलेल्या प्रशिक्षकांच्या) नजरेचं आणि हजेरीपटाचं ऐकतात. हे कमी नाही. ड्रिलचा हेतूच तो आहे, एका शब्दावर शरीर हललं पाहिजे. पण ड्रिलमध्ये पुढचा हुकूम काय असणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. 'तेज चल'नंतर कधीतरी 'थम' येणार. फळी ड्रमवर पुरेल की नाही, हे तिथे कुणालाच ठाऊक नसतं.

म्हणून मी माझ्या युनिटमध्ये एक खोड करतो. ज्या मुलाचा आवाज चांगला त्याला परेड कमांडर सगळेच करतात, मी त्याला सीक्यूएमएस, म्हणजे स्टोअर सांभाळणारा करतो. दहा दिवसांच्या कॅम्पला कांबळी, ग्राऊंडशीट, बादल्या मोजून घ्यायच्या, सह्या घ्यायच्या, शेवटच्या दिवशी तितक्याच परत करायच्या. एका वर्षी असाच एक खणखणीत आवाजाचा मुलगा होता. तिसऱ्या दिवशी ७ कांबळी कमी भरली. त्याने फॉल-इन लावून सगळ्यांना वीस मिनिटं उभं केलं, ओरडला, धमकावलं. एकही कांबळं आलं नाही. रात्री त्याच्याच सेक्शनची लान्स कॉर्पोरल मुलगी तंबूतंबूतून फिरली आणि प्रत्येक ठिकाणी फक्त विचारलं, "कुणाला थंडी वाजतेय का?" ज्या तंबूत कुणालाच वाजत नव्हती, तिथे पाच कांबळी सापडली. उरलेली दोन स्वयंपाकघरामागे वाळत होती.

शंकासुर, नेतृत्व शिकवता येतं का मला माहीत नाही. पण त्या मुलाने त्या रात्री काहीतरी शिकलं हे मी पाहिलंय.

---

शंकासुर

किस्सा आवडला सर. पण मग ती लान्स कॉर्पोरल तर जन्मतःच तशी होती ना? माझाच मुद्दा झाला.

---

खडू_आणि_बूट

जन्मतः नाही. चार भावंडांत थोरली होती.

---

तोफखाना_निवृत्त

धागा उशिरा बघितला. मी तोफखान्यात होतो, निवृत्त होऊन काळ झाला. निवड मंडळात कधी काम केलं नाही, त्यामुळे आतली गोष्ट मला विचारू नका. जे सर्वांना माहीत आहे तेच लिहितो, थोडं लांबेल.

तिसरी_रांग, तुझ्या मैदानावर जे झालं ते अपघाताने झालेलं नाही. ती कसोटी मुद्दाम तशी बांधलेली आहे. दुसऱ्या महायुद्धापर्यंत ब्रिटिश सैन्य अधिकारी निवडायचं ते मुख्यतः मुलाखतीवर. शाळा कोणती, घराणं कोणतं, बोलणं कसं. युद्ध वाढलं तसे अधिकारी कमी पडायला लागले, आणि असे निवडलेले बरेच जण प्रशिक्षणातच नापास होऊन परत यायला लागले. तेव्हा १९४२ मध्ये त्यांनी वॉर ऑफिस सिलेक्शन बोर्ड काढली आणि त्यात मानसोपचारतज्ज्ञ बसवले. त्यांच्यात विल्फ्रेड बायन नावाचे एक गृहस्थ होते, पहिल्या महायुद्धात स्वतः रणगाड्यांवर लढलेले. 'नायक नसलेला गट' ही कल्पना त्यांची. आठ अनोळखी माणसांना एक काम द्यायचं, नेता नेमायचाच नाही आणि बाजूला उभं राहून बघायचं. प्रत्येकाला आपण उठून दिसावं असं वाटत असतं, पण काम तर सगळ्यांनी मिळून केल्याशिवाय होत नाही. या ओढाताणीत माणूस कुठे झुकतो, ते बघायचं. आपल्याकडे १९४३ मध्ये डेहराडूनला असं पहिलं प्रायोगिक मंडळ बसलं, आणि थोड्याफार फरकाने आजही चाललंय ते हेच.

म्हणजे तू ऑर्डर दिलीस ती चुकीची होती म्हणून फसला नाहीस. तिथे ऑर्डर देणारं पदच काढून घेतलेलं असतं. पद काढल्यावर तुझ्यापाशी काय उरतं, एवढंच तिथे बघतात.

तू विचारशील, की सैन्यात तर पद असतंच, मग पदाशिवायची परीक्षा कशाला? त्याचं उत्तर मला बावीसाव्या वर्षी मिळालं. नवा लेफ्टनंट, खांद्यावर दोन स्टार कोरे करकरीत. युद्धाभ्यास, रात्रीची वेळ, तोफा लावायची जागा मी नकाशावर ठरवलेली. आमचे सुभेदार साहेब, त्यांची नोकरी माझ्या वयाएवढी. ते जवळ आले, सॅल्यूट केला आणि हळूच म्हणाले, "साहब, एक बार ज़मीन देख लें?" मी म्हटलं, "ज़रूरत नहीं, नक्शे में साफ है." नकाशात साफच होतं. दोन दिवसांपूर्वी पाऊस पडून गेला होता, तो नकाशात कसा असणार? पहिली तोफ ओढणारी गाडी चाकं बुडेपर्यंत रुतली. जवान माझ्या हुकमाची वाट बघत उभे. मला हुकूम सुचेना. सुभेदार साहेबांनी जवानांसमोर एक शब्द काढला नाही. फक्त माझ्याकडे बघून म्हणाले, "साहब का हुकम हो तो पीछे वाली को रोक दूँ?" म्हणजे पुढे काय करायचं ते मला सुचवलं आणि हुकूम माझाच ठेवला.

गाडी काढायला अडीच तास गेले. फावडं मीही मारलं. त्या अडीच तासांत मला कळलं की माझं पद त्या रात्री सुभेदार साहेबांनी सांभाळलं होतं, मी नाही.

तुझा तो चष्मेवाला मुलगा जमीन बघत होता, बेटा.

---

काळजीवाहू

तोफखाना काका, अंगावर काटा आला वाचून.

माझी मुलगी एसवायला आहे, एनसीसीत कॉर्पोरल. तिलाही हेच करायचंय आणि तिचे वडील अजून पूर्ण तयार नाहीत. मला दोन गोष्टी विचारायच्या होत्या. मुलींसाठी हे सगळं वेगळं असतं का? आणि क्लासची फी ऐकून डोळे पांढरे झाले, दुसरा काही मार्ग आहे का?

---

रानजाई

काळजीवाहू ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देते. एसएसबी तीच. तेच पाच दिवस, त्याच मानसशास्त्रीय चाचण्या, त्याच गटाच्या कामगिऱ्या. गट मुलींचा असतो इतकंच. चेन्नईच्या ओटीएत मुली १९९२ पासून जातायत. अलीकडे खडकवासल्याला एनडीएतही जातात, २०२२ मध्ये पहिली तुकडी आत गेली आणि २०२५ मध्ये बाहेर पडली. ओटीएतून मिळतं ते शॉर्ट सर्व्हिस, दहा वर्षं, पुढे चार वाढवता येतात. २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर कायम कमिशनचा, म्हणजे निवृत्तीपर्यंत राहण्याचा रस्ताही बराच मोकळा झालाय. वडिलांना हे दाखवा. 'दहा वर्षांनी पुढे काय' हा त्यांचा प्रश्न असणारच, माझ्या बाबांचाही होता.

मी स्वतः रेकमेंड झाले होते, म्हणजे एसएसबीत निवड झाली होती, पण मेडिकलमध्ये डोळ्यांवर अडकले. आता डोंगरभटकंतीचे गट घेऊन जाते. पण एसएसबीतली एक गोष्ट विसरत नाही. कमांड टास्कमध्ये तुम्ही कमांडर असता आणि गटातून दोन मदतनीस निवडायचे असतात. माझ्या गटात एक मुलगी होती, इंग्रजी मोडकंतोडकं, लेक्चरेटला (छोट्या भाषणाला) तीनपैकी दीड मिनिटातच थांबली होती. आठपैकी पाच जणींनी मदतनीस म्हणून तिलाच बोलावलं. मीही बोलावलं. का, तर आदल्या दिवशी प्रोग्रेसिव्ह टास्कमध्ये मी बल्लीवर मधोमध घाबरून थिजले होते. ती मागून म्हणाली, "मी बल्ली दाबून धरलीये, हलणार नाही." बस. 'चल लवकर' नाही, 'घाबरू नकोस' नाही. नेमकं जे मला जाणून घ्यायचं होतं तेवढंच सांगितलं.

तिचं काय झालं ते निकालाच्या दिवशी समजलं. आमच्या गटातून दोघी रेकमेंड, त्यात ती.

तिसरी_रांग, तुला एक विचारू? त्या सरावात चष्मेवाला हळू बोलत होता, दोघांनी ऐकलं. तू का नाही ऐकलंस?

---

तिसरी_रांग

@रानजाई: खरं सांगू? मी बोलत होतो.

---

मास्तर_६५

आमच्या वेळी एनसीसी सक्तीची होती. चीन युद्धानंतर १९६३ साली केली, १९६८ ला पुन्हा ऐच्छिक झाली. मी बरोबर मधल्या कात्रीत सापडलो. सगळ्या कॉलेजाने रविवारी पहाटे मैदानावर यायचं. निम्मी पोरं नाश्त्यासाठी, निम्मी हजेरीसाठी. थ्री-नॉट-थ्री रायफल माझ्या उंचीच्या मानाने भलतीच मोठी होती, 'बाजू शस्त्र' केलं की मीच तिच्या बाजूला उभा आहे असं दिसायचं.

त्या सक्तीतून किती अधिकारी निघाले देव जाणे. पण एक गोष्ट आठवते. आमच्या प्लाटूनमध्ये जातीचे, गावचे, पैशाचे सगळे कप्पे वर्गात पक्के होते, आणि तंबूत आठ जण आडवे पडले की ते कप्पे ठेवायला जागाच उरायची नाही. यालाच हल्ली नेतृत्व प्रशिक्षण म्हणतात की काय, ठाऊक नाही. अवांतराबद्दल क्षमस्व.

---

खडू_आणि_बूट

मास्तर, अवांतर मुळीच नाही.

काळजीवाहू ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. नाशिक रोडला राज्य शासनाचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे एसएसबीचे वर्ग महाराष्ट्रातल्या उमेदवारांसाठी विनामूल्य असतात, राहण्या-जेवणासकट. सीडीएस किंवा एनडीएची लेखी पास झालेले, एनसीसी सी सर्टिफिकेट ए किंवा बी ग्रेडवाले आणि ग्रुप हेडक्वार्टरची शिफारस असलेले, किंवा टेक्निकल एन्ट्रीचं बोलावणं आलेले तिथे जाऊ शकतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा, तिथेच मुलाखतीचं पत्रक निघतं. आश्चर्य म्हणजे हे फार कमी पालकांना माहीत असतं. मुलं हजारो रुपये भरून येतात आणि मग मला विचारतात, "सर, असं काही होतं का?"

---

शंकासुर

ठीक, गटाचं पटलं. पण मानसशास्त्राच्या चाचण्यांचं काय? डब्ल्यूएटीत, म्हणजे शब्द बघून वाक्य लिहायच्या चाचणीत ६० शब्द असतात, क्लासवाले साठही शब्दांची 'पॉझिटिव्ह' वाक्यं पाठ करून घेतात. 'पराभव' आला की लिहा 'पराभव ही यशाची पायरी आहे'. मग परीक्षक काय डोंबल ओळखणार?

---

चेस्ट_नंबर_१९

@शंकासुर: मी पाठ केली होती. सांगतो काय होतं.

प्रत्येक शब्दाला १५ सेकंद. बघायचा, वाक्य सुचायचं, लिहायचं. मधे श्वास नाही. पहिले दहा-बारा शब्द पाठ केलेलं चालतं. मग क्लासच्या यादीत नसलेला एखादा साधा शब्द येतो, हात अडतो, एक जागा कोरी राहते. कोरी राहिली म्हणून घाबरतोस आणि पुढचे चाळीस शब्द तू जसा आहेस तसा लिहीत सुटतोस. वर त्याच दुपारी एसआरटी, म्हणजे दिलेल्या प्रसंगात काय कराल ते लिहायचं, ६० प्रसंग, ३० मिनिटं. म्हणजे एका प्रसंगाला अर्धं मिनिट. मुखवटा घालायला वेळच देत नाहीत.

शिवाय तीन वेगळी माणसं तुला तीन वेगळ्या बाजूंनी बघत असतात. मानसशास्त्रज्ञ तुझं लिहिलेलं वाचतो आणि तुला भेटतही नाही, मुलाखत घेणारा तुझं बोलणं ऐकतो, जीटीओ मैदानावर तुझं वागणं बघतो. मनसा, वाचा, कर्मणा म्हणतात ना, तेच. शेवटच्या दिवशी कॉन्फरन्सला तिघं एकत्र बसतात. तिन्हीकडे एकच माणूस दिसला पाहिजे. माझ्या बाबतीत कागदावर धाडसी माणूस होता आणि मैदानावर गप्प माणूस. मला कुणी कारण सांगितलं नाही, सांगत नाहीतच, पण आरशात बघितलं की कळतं.

---

शंकासुर

हे प्रामाणिक होतं. माझे शब्द मागे घेत नाही, पण गिळतो.

---

तोफखाना_निवृत्त

शंकासुर, तुमचा पहिला प्रश्न अगदीच सोडून देण्यासारखा नव्हता. निवड मंडळं स्वतःच असं धरून चालतात की घडवण्याजोगा माणूस निवडायचा, घडवलेला नाही. घडवायला पुढे ओटीएत जवळपास वर्षभर आणि त्यानंतर पलटण आहेच. आणि पलटण जेवढं शिकवते तेवढं कुठलीच अकादमी शिकवत नाही.

तिसरी_रांग, कोचिंग लाव किंवा लावू नकोस, मी एक काम सांगतो. पुढचे दोन महिने असं काहीतरी कर जिथे तुला पद नाही आणि लोक तुझ्यापेक्षा वयाने मोठे किंवा तुला न ओळखणारे आहेत. रक्तदान शिबिर असो, वाचनालयाची पुस्तकं लावणं असो. तिथे एक पथ्य पाळ. पहिला अर्धा तास एकही सूचना द्यायची नाही, फक्त विचारायचं आणि हाताने काम करायचं. मग बघ.

---

तिसरी_रांग

सगळ्यांचे मनापासून आभार. जरा उशिराने लिहितोय, मधे कॅम्प होता.

खडू सरांचं वाचून मी आमच्या एएनओ सरांकडे गेलो आणि म्हटलं, या कॅम्पला मला परेड नको, स्टोअर द्या. ते हसले, म्हणाले, "कुणी शिक्षा केली का तुला?" दिलं मात्र.

पहिल्या दिवशी मी मोठ्या दिमाखात रजिस्टर आखलं. नाव, रेजिमेंटल नंबर, वस्तू, सही. दुसऱ्या दिवशी सकाळी बादल्या १४ पाहिजेत तर ११. मी फॉल-इनची शिट्टी तोंडापर्यंत नेली होती. मग सुभेदार साहेब आठवले आणि खाली ठेवली. दुसऱ्या कॉलेजची एक ज्युनियर कॅडेट, पहिल्या वर्षाची, पाणवठ्यावर कपडे धूत होती. तिला विचारलं. ती म्हणाली, "भैया, तुम्ही बादल्या तंबूनुसार दिल्यात, पण पाणी सगळे मिळून भरतात. बादलीवर तंबूचा नंबरच नाहीये, मग ज्याला जी मिळेल ती." खडूने नंबर घातले. ओला हात लागला की पुसले जायचे, म्हणून तिनेच नेलपॉलिश आणून दिलं. गुलाबी. दहा दिवस आमच्या कॅम्पात गुलाबी नंबरांच्या बादल्या फिरत होत्या, आणि कॅम्प कमांडंट साहेबांनी इन्स्पेक्शनला "यह किसका आइडिया है?" असं दरडावून विचारलं.

मला एक क्षण वाटलं, 'माझा' म्हणावं. कारण स्टोअर माझं होतं, दरडावणंही मलाच होतं. मग तिचं नाव सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी तिला बोलावून पाठ थोपटली. हिशेब शेवटच्या दिवशी पूर्ण जुळला, एक मग सोडून. तो अजून सापडलेला नाही, त्याचे पैसे मी भरले.

परवा पुन्हा मैदानावर सराव झाला. चष्मेवाला होता. या वेळी मी आधी फळीपाशी बसलो. त्याची कल्पना होती की फळी आणि बल्ली एकत्र बांधून लांबी वाढवायची. मला दिसत होतं की गाठ घसरणार, कारण दोर जाड होता आणि बल्ली गुळगुळीत. एरवी मी "नाही, असं नाही" म्हणालो असतो. म्हटलं, "गाठ मी बांधतो, पण आधी रिकामीच दाबून बघू." दाबली, घसरली. तो स्वतःच म्हणाला, मग दोनदा गुंडाळ. दोनदा गुंडाळली, टिकली. लोड न्यायला मात्र वेळ कमी पडला, आम्ही अर्ध्यावरच राहिलो. आधीच्या वेळेपेक्षा काम कमी झालं, हे मान्य. पण माझं नाव चौघांनी घेतलं, "अरे, धर ना जरा," असं.

सीनियरने या वेळी ड्रिलबद्दल काही म्हटलं नाही.

---

रानजाई

मगाचे पैसे भरलेस ते वाचून हसू आलं. माझ्याही एका कॅम्पात मगच हरवला होता. सगळीकडे मगच हरवतो.

---

काळजीवाहू

लेकीला हा धागा वाचायला दिला. ती म्हणते नेलपॉलिशचा नंबर गरम पाण्याने जातो, ऑइल पेंट वापरा.

---

तोफखाना_निवृत्त

तिला सांगा, पुढच्या कॅम्पला स्टोअर मागून घे.

तिसरी_रांग, वेळ का कमी पडला ते शोधलंस का? गाठ बांधताना बाकीचे सहा जण काय करत होते?

---

तिसरी_रांग

बघत होते सर. लोड त्याच वेळात पहिल्या ड्रमवर नेता आला असता. रविवारी पुन्हा लावतोय सराव, त्या चष्मेवाल्याला आत्ताच फोन करतो.